पुंज-गुंफण आणि संदेशवेगाची मर्यादा

एकाच घटनेत निर्माण झालेले किंवा परस्परांशी आंतरक्रिया झालेले दोन अथवा अधिक कण एकमेकांपासून दूर गेल्यावरही त्यांची मिळून एकच अवस्था राहू शकते. अशा वेळी कोणत्याही एका कणाची अवस्था स्वतंत्रपणे पूर्ण सांगता येत नाही. कणांमधील या संबंधाला पुंज-गुंफण किंवा क्वांटम एंटँगलमेंट असे म्हणतात. गुंफलेल्या दोन कणांवरील योग्य मापनांची फलिते परस्परांशी जुळलेली आढळतात, मग त्यांच्यामधील अंतर कितीही असो. या गुणधर्माच्या साह्याने प्रकाशापेक्षा जलद संदेश पाठविता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. ते निश्चित होण्यास मात्र १९३५ पासून सु. अर्धशतक लागले आणि त्याच चर्चेतून पुंज माहितीशास्त्राच्या काही मूलभूत सिद्धांतांचा उगम झाला.

कोणत्याही संदेशाला वाहक लागतो आणि त्या वाहकाने मधले अंतर तोडल्याशिवाय संदेश पोहोचत नाही, हे या इतिहासाचे मध्यवर्ती सूत्र होय. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर व गडचिरोली या वनमय जिल्ह्यांतील संदेशवहनाच्या इतिहासात ते सूत्र विशेष स्पष्टपणे दिसते. म्हणून प्रस्तुत नोंदीत या प्रदेशातील उदाहरणे घेतली आहेत.

संदेश आणि वाहक : तारायंत्राच्या पूर्वी संदेशाचा वेग हा तो नेणाऱ्या माणसाचा, घोड्याचा किंवा नावेचा वेग असे. भारतात १८५४ च्या सुमारास कलकत्ता, आग्रा व मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली आणि संदेश प्रथमच माणसापासून सुटा होऊन माणसाच्या पुढे धावू लागला. त्याच वर्षी नागपूरचे भोसल्यांचे राज्य ब्रिटिशांनी खालसा केले व त्याबरोबर चांदा (आताचा चंद्रपूर) प्रदेश कंपनीच्या अंमलाखाली आला. प्रशासनाच्या व सैन्याच्या हालचालींसाठी तारायंत्राचे महत्त्व १८५७ च्या उठावात प्रकर्षाने दिसून आले.

या उठावाचे पडसाद चांदा प्रदेशात १८५८ साली उमटले. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड व इतर लोकांचे सैन्य उभारले व अडपल्लीचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहिता नदीकाठच्या चिंचगुंडी येथील तारखात्याच्या तळावर उठाववाल्यांनी हल्ला केला. त्यात गार्टलँड व हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. त्यांचा पीटर नावाचा सहकारी निसटून चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांना जाऊन मिळाला. पुढे बाबूराव पकडले गेले व २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांदा येथे फाशी देण्यात आले. उठावाच्या इतिहासात या घटनेचे स्थान वेगळे आहे. संदेशवहनाच्या दृष्टीने मात्र तीत एक गोष्ट लक्षणीय आहे. तारेच्या कामावरील माणसांवर झालेल्या हल्ल्याची साक्ष देणारा माणूस स्वतः अंतर तोडून अधिकाऱ्यांपर्यंत गेला. तार कितीही वेगवान असली, तरी जेथे ती सलग नाही तेथे तिच्या वेगाचा उपयोग नसतो.

वेगाची कमाल मर्यादा : तारेतील संकेताला वेग असतो, तसा प्रकाशालाही असतो, हे ओले रमर यांनी १६७६ साली गुरूच्या उपग्रहांच्या निरीक्षणांवरून दाखविले होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतानुसार प्रकाश ही विद्युत् चुंबकीय तरंगगती ठरली आणि हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८७–८८ मध्ये प्रयोगशाळेत अशा तरंगांची निर्मिती केल्यावर बिनतारी संदेशवहनाचा मार्ग मोकळा झाला. ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९०५ सालच्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांताने निर्वातातील प्रकाशवेगाला निसर्गातील मर्यादेचे स्थान दिले. या वेगापेक्षा जलद संकेत पाठविता आला, तर काही निरीक्षकांच्या दृष्टीने तो पाठविण्याआधीच पोहोचल्यासारखा दिसेल. असे संकेत हवे तसे पाठविता व परतविता आले, तर परिणाम कारणाच्या आधी घडेल. म्हणून ही मर्यादा केवळ यंत्रांच्या दुबळेपणाची नसून कार्यकारणभावाशी निगडित आहे. प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला २,९९,७९२·४५८ किमी. असून १९८३ पासून मीटरची व्याख्याच या वेगावर आधारलेली आहे.

चंद्रपूर ते भामरागड हे सरळ रेषेतील अंतर सु. १५० किमी. आहे. प्रकाशाला ते ओलांडण्यास सेकंदाचा सु. दोन हजारावा भाग पुरतो. काचतंतूत प्रकाशाचा वेग निर्वातातील वेगाच्या सु. दोन-तृतीयांश असल्याने तंतुमार्ग सरळ असल्यास यापेक्षा थोडासाच अधिक वेळ लागेल. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी. उंचीवर असल्याने त्याच्यामार्फत जाणाऱ्या संदेशाला वर जाऊन खाली येण्यास सु. पाव सेकंद लागतो. निसर्गाने घातलेला विलंब या प्रदेशापुरता इतकाच आहे. प्रत्यक्षात संदेशाला तास किंवा दिवस लागले असतील, तर त्याचे कारण वाहकाच्या अभावात शोधावे लागते.

गुंफणाच्या संकल्पनेचा उगम : आइन्स्टाइन, बॉरिस पडॉल्स्की व नेथन रोझेन यांनी मे १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पुंजयामिकीने केलेले वास्तवाचे वर्णन अपूर्ण आहे, असे प्रतिपादन केले. परस्परांपासून दूर असलेल्या दोन कणांपैकी एकाच्या मापनावरून दुसऱ्याचे स्थान अथवा संवेग निश्चितपणे सांगता येतो. दुसऱ्या कणाला स्पर्शही झालेला नसल्याने ही मूल्ये त्याच्या ठिकाणी आधीपासूनच असली पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. नील्स बोर यांनी त्याच वर्षी त्याला उत्तर दिले. एर्व्हिन श्रोडिंजर यांनीही १९३५ मध्येच या संबंधाला गुंफण या अर्थाचे नाव दिले व ते पुंजयामिकीचे खास व्यवच्छेदक लक्षण असल्याचे सांगितले. एका ठिकाणच्या मापनाचा दुसरीकडे तत्क्षणी परिणाम होतो, ही कल्पना आइन्स्टाइन यांना कधीच पटली नाही. १९४७ साली माक्स बोर्न यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तिला भुताटकीची उपमा दिली.

हा वाद दीर्घकाळ तत्त्वचिंतनाच्या पातळीवरच राहिला. डेव्हिड बोम यांनी १९५१ साली तो कणांच्या परिवलनाच्या भाषेत मांडल्यामुळे तो प्रयोगाच्या जवळ आला. मूळचे उत्तर आयर्लंडमधील असलेले भौतिकीविज्ञ जॉन स्ट्यूअर्ट बेल यांनी १९६४ साली त्याला निर्णायक वळण दिले.

बेल यांचा सिद्धांत : गुंफलेल्या फोटॉनांच्या अनेक जोड्या तयार करून प्रत्येक जोडीतील एक फोटॉन चंद्रपूरच्या व दुसरा भामरागडच्या निरीक्षकाकडे जातो, अशी कल्पना करू. प्रत्येक निरीक्षक आपला ध्रुवक तीनपैकी एका दिशेत ठेवतो. या दिशांमध्ये परस्परांत ६० अंशांचा कोन आहे. फोटॉन ध्रुवकातून पार जातो किंवा अडतो, एवढीच नोंद करावयाची. दोन्हीकडे एकच दिशा निवडली असता दोन्ही नोंदी नेहमी सारख्याच येतात, अशी अवस्था तयार करता येते.

सर्वसामान्य समजुतीनुसार याचा उलगडा सोपा आहे. निघतानाच प्रत्येक फोटॉनाला एक चिठ्ठी मिळाली असावी व तीत तिन्ही दिशांची उत्तरे लिहिलेली असावीत. परंतु उत्तरे दोनच प्रकारची व दिशा तीन असल्याने कोणत्याही चिठ्ठीत निदान दोन दिशांची उत्तरे सारखी असणारच. त्यामुळे दोघांनी भिन्न दिशा सरधोपट निवडल्या, तर सरासरीने निदान एक-तृतीयांश वेळा नोंदी जुळल्या पाहिजेत. पुंजयामिकीचे भाकीत मात्र एक-चतुर्थांश एवढेच आहे. म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांची कल्पना केवळ अनावश्यक नसून ती प्रयोगाने खोटी ठरविता येण्याजोगी आहे. बेल यांचे मूळ सूत्र यापेक्षा अधिक सामान्य स्वरूपाचे असून ते बेल-असमानता या नावाने ओळखले जाते.

प्रायोगिक कसोट्या : जॉन क्लाउझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ही असमानता प्रयोगक्षम रूपात मांडली. स्ट्यूअर्ट फ्रीडमन व क्लाउझर यांनी १९७२ साली कॅल्शियमाच्या अणूंपासून मिळणाऱ्या फोटॉनांवर प्रयोग करून पुंजयामिकीच्या बाजूने कौल दिला. पॅरिसजवळच्या ऑर्से येथे आलँ आस्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली, फोटॉन मार्गात असतानाच मापनाची दिशा बदलण्याची व्यवस्था केली. दोन्ही बाजूंच्या उपकरणांमध्ये सु. १२ मी. अंतर होते. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथे २०१५ साली १·३ किमी. अंतरावरील इलेक्ट्रॉनांच्या परिवलनावर, पूर्वीच्या प्रयोगांतील प्रमुख पळवाटा एकाच वेळी बंद करून, कसोटी घेण्यात आली; तिचा निष्कर्षही तोच निघाला. आस्पे, क्लाउझर व आन्टोन त्साइलिंगर यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल २०२२ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

महाराष्ट्रात या विषयावर सैद्धांतिक कार्य मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले. तेथील एस्. एम्. रॉय व वीरेंद्र सिंग यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्थानिक गुप्त चलांच्या सिद्धांतांच्या कसोट्यांविषयी निबंध प्रसिद्ध केले. १९९१ साली त्यांनी अनेक कणांच्या समूहांच्या संदर्भात दोन अटींच्या कसोट्यांचा विचार केला. दूरच्या स्थळी संकेत तत्क्षणी पोहोचू नये ही एक अट व आइन्स्टाइन आणि बेल यांना अभिप्रेत असलेली अधिक कडक स्थानिकता ही दुसरी अट होय. गुंफण दुसऱ्या अटीचा भंग करते, पहिलीचा करीत नाही. प्रस्तुत विषयाचे मर्म या भेदातच आहे.

संदेश का जात नाही : चंद्रपूरच्या निरीक्षकाने ध्रुवक कोणत्याही दिशेत ठेवला किंवा मापन केलेच नाही, तरी भामरागडच्या नोंदवहीत पार गेलेल्या व अडलेल्या फोटॉनांचे प्रमाण निम्मेनिम्मेच राहते. आपल्या मापनाचे फलित काय यावे हे चंद्रपूरच्या निरीक्षकाला ठरविता येत नाही, त्यामुळे ते दुसरीकडे लादताही येत नाही. भामरागडची नोंदवही स्वतंत्रपणे वाचली असता ती नाणेफेकीच्या यादीसारखी दिसते. दोन्ही नोंदवह्या शेजारी ठेवल्यावरच त्यांतील सहसंबंध उघड होतो आणि त्या शेजारी आणण्यासाठी दूरध्वनी, टपाल किंवा माणूस यांपैकी काही तरी मधले दीडशे किमी. ओलांडून जावेच लागते. सहसंबंध व संदेश या दोन गोष्टी भिन्न असल्याचे यावरून स्पष्ट होते. फिलिप एबरहार्ड यांनी १९७८ साली आणि जानकार्लो गिरार्दी, अल्बर्टो रिमिनी व टुल्लिओ वेबर यांनी १९८० साली या निष्कर्षाची सर्वसाधारण सिद्धता दिली.

तरीही पळवाट शोधण्याचे प्रयत्न थांबले नाहीत. अमेरिकन भौतिकीविज्ञ निक हर्बर्ट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेली योजना त्यांत विशेष गाजली. एका टोकाला ध्रुवण रेषीय पद्धतीने मोजले तर एक चिन्ह व वर्तुळी पद्धतीने मोजले तर दुसरे चिन्ह, असा संकेत ठरवावा. दुसऱ्या टोकाला आलेल्या एकाच फोटॉनाच्या लेसर-विवर्धकाने अनेक हुबेहूब प्रती कराव्यात व त्या तपासून पहिल्या टोकाची निवड ओळखावी, अशी ही योजना होती. प्रती करता आल्या असत्या तर ती यशस्वी ठरली असती.

या निबंधाच्या परीक्षकांपैकी गिरार्दी यांनी त्यातील दोष दाखवून तो नाकारण्याची शिफारस केली होती. दुसरे परीक्षक आशर पेरेस यांना निबंध चुकीचा असल्याची खात्री होती. तथापि चूक शोधताना नवे ज्ञान मिळेल म्हणून तो प्रसिद्ध व्हावा असे मत आपण दिले, असे त्यांनी पुढे नमूद केले. ही अपेक्षा लवकरच खरी ठरली. विल्यम वूटर्स व व्होइचेख झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे नेदर्लंड्सच्या डेनिस डीक्स यांनी १९८२ सालीच असे सिद्ध केले की, अज्ञात पुंज-अवस्थेची अचूक प्रत करणे तत्त्वतःच अशक्य आहे. ही अशक्यता पुंजयामिकीच्या समीकरणांच्या रेषीयतेतून निष्पन्न होते. लेसर-विवर्धक प्रतींबरोबर यदृच्छ ध्रुवणाचे फोटॉनही अपरिहार्यपणे मिसळतो व त्यामुळे हर्बर्ट यांच्या योजनेतील चिन्हे ओळखू येत नाहीत.

इतर प्रस्ताव : गुंफणाखेरीज अन्य मार्गांनीही प्रकाशातिग वेगाचा विचार झाला आहे. ओ. एम्. पी. बिलानिउक, व्ही. के. देशपांडे व ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९६२ साली, सदैव प्रकाशापेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या कणांना सापेक्षता सिद्धांतात जागा आहे काय, याची चर्चा केली. जेरल्ड फाइनबर्ग यांनी १९६७ साली अशा कणांना टॅकिऑन हे नाव दिले. असे कण अद्याप आढळलेले नाहीत. जिनीव्हाजवळच्या सर्न येथून इटलीतील ग्रान सासो येथे पाठविलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा किंचित लवकर पोहोचल्याचे ऑपेरा प्रयोगगटाने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केले होते. काचतंतूची एक जोडणी सैल राहिल्याने कालमापनात मुख्य चूक झाल्याचे २०१२ मध्ये निष्पन्न झाले व तो दावा मागे पडला.

उपयोग : जी अशक्यता जलद संदेशाच्या आड आली, तीच गुप्त संदेशाच्या उपयोगी पडली. अज्ञात अवस्थेची प्रत करता येत नसल्याने मार्गातील चोरट्या श्रोत्याला मागमूस न ठेवता फोटॉनांतील माहिती उचलता येत नाही. चार्ल्स बेनेट व झील ब्रासार यांनी १९८४ साली या तत्त्वावर गुप्तलेखनाची किल्ली वाटून घेण्याची पद्धती सुचविली. आर्टुर एकर्ट यांनी १९९१ साली गुंफलेल्या कणांवर आधारलेली पद्धती मांडली. १९९३ साली सुचविण्यात आलेल्या पुंज-दूरस्थापनात एका कणाची अज्ञात अवस्था दूरच्या कणावर उमटविता येते. त्यासाठीही पाठविणाऱ्याच्या मापनाचे फलित नेहमीच्या मार्गाने कळवावे लागते. ते मिळेपर्यंत घेणाऱ्याच्या हाती काहीच उपयुक्त नसते. त्यामुळे प्रकाशवेगाची मर्यादा येथेही अबाधित राहते.

चीनच्या मिसियस उपग्रहाद्वारे २०१७ साली १,२०० किमी.हून अधिक अंतरावरील दोन भू-केंद्रांना गुंफलेले फोटॉन पुरविण्यात आले. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०२१ साली अहमदाबाद येथे मोकळ्या हवेतून ३०० मी. अंतरावर पुंज-गुप्तलेखनाचे प्रात्यक्षिक केले. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३·६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली असून भू-केंद्रांमधील २,००० किमी. अंतरापर्यंतचे उपग्रहाधारित सुरक्षित संदेशवहन हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. महाराष्ट्रात पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था येथे पुंज-तंत्रविद्येची केंद्रे आहेत.

दोन मर्यादा : चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. दाट वने, विरळ वस्ती व इंद्रावती, प्राणहिता, पर्लकोटा यांसारख्या नद्यांचे पूर यांमुळे या जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागांत रस्ते व तारा नेणे कठीण गेले. अनेक पावसाळ्यांत पुराने भामरागडचा इतर भागांशी संपर्क तुटला. सशस्त्र संघर्षाची झळही या भागाला पोहोचली. केंद्र शासनाने २०१४ साली नक्षलवादग्रस्त भागांसाठी सु. २,२०० भ्रमणध्वनी मनोऱ्यांची योजना मंजूर केली. तीत महाराष्ट्राचा समावेश होता.

रुग्णाला हलविण्यासाठी वाहन मागविणे, पुराची पूर्वसूचना देणे किंवा शिधा पोहोचल्याची खबर कळविणे, यांसाठी प्रकाशवेगाहून अधिक वेगाची गरज नसते; सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाने कोणाचे काही अडत नाही. या प्रदेशाला जाचणारी मर्यादा निसर्गनियमाची नव्हे, तर न पोहोचलेल्या तारेची व न उभारलेल्या मनोऱ्याची आहे. पहिली मर्यादा कोणत्याही यंत्राने ओलांडता येणार नाही, हे पुंज-गुंफणाच्या इतिहासाने अधिक पक्के केले. दुसरी मानवी प्रयत्नांनी दूर करता येते. गुंफलेल्या कणांमुळे तारा व मनोरे अनावश्यक होतील ही अपेक्षा मात्र निराधार आहे. कारण त्यांच्या नोंदी जुळवून पाहण्यासाठीसुद्धा मधले रान ओलांडणारा एखादा वाहक लागतोच.